तुम्ही विचारलंत म्हणून: मी वचन का देत नाही

“बाई, तुम्ही एवढं शास्त्र वाचता, शब्बाथ शाळेत मुलांना शिकवता, मग दुखणाइताच्या घरी, दुखवट्याच्या घरी गेल्यावर बायबलमधलं एखादं वचन का देत नाही?” हा प्रश्न मला उपासना सुटल्यावर आवारात विचारला गेलाय, लग्नाच्या पंगतीत विचारला गेलाय, एकदा तर दफनभूमीच्या फाटकाशीही. महिला मंडळात कोणी वचन सांगितलं की मी “त्याच्या आधी काय लिहिलंय?” असं विचारते. त्यावरून बाईंचा विश्वास थंडावलाय, अशी कुजबुजही कानावर आली. आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा लिहूनच टाकते.

माझा विश्वास थंडावलेला नाही. ज्या पुस्तकावर आपला जीव आहे त्यातली दोन ओळींची कात्रणं करून ती भेटेल त्याच्या हातात ठेवलेली मला बघवत नाहीत, एवढंच.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या. आपल्याकडे नवीन वर्षाच्या कॅलेंडरवर, दहावीच्या निकालाला, रिक्षाच्या मागच्या काचेवर आणि दवाखान्यातल्या खाटेपाशी हेच वचन असतं: “तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते संकल्प हिताचे आहेत.” हे एका पत्रातलं वाक्य आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमेतून ज्यांना धरून बाबेलला नेलं, त्या लोकांना यिर्मयानं ते पाठवलं. आणि त्या वाक्याआधी काय आहे? घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्ही कैदी आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे इथून लवकर सुटका नाही. दहाव्या वचनात मुदतही आहे, सत्तर वर्षं. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक मोठ्या माणसांना परतीची वाट दिसणारच नव्हती.

एक अध्याय मागे गेलं तर हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तोही परमेश्वराच्या नावानंच बोलत होता. दोन वर्षांत सगळे परत येतील, असं त्यानं मंदिरात, याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर सांगितलं, बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं जू काढून मोडलं. लोकांना बरं वाटलं असणार. यिर्मया आधी म्हणाला, “आमेन, परमेश्वर असंच करो.” त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं. पण ते खरं नव्हतं. म्हणून पत्रात, अकराव्या वचनाच्या अगदी तोंडाशी, आठव्या-नवव्या वचनांत ताकीद आहे की गोड स्वप्नं सांगणाऱ्या संदेष्ट्यांचं ऐकू नका. आपण नेमकं त्या ताकिदीच्या खालचं वाक्य उचलतो आणि हनन्याचं काम त्याच्याकडून करून घेतो.

“मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे,” हे वचन आपण मुलांना परीक्षेच्या आदल्या रात्री देतो. प्रेषित पौल ते कैदेतून लिहितोय, आणि त्याच्या आधीच्या वचनात उपास घडणं आणि ददात असणं आहे. पोटाला नसताना टिकून राहण्याबद्दलचं वाक्य आपण पहिला नंबर काढण्यासाठी वापरतो. आणि मंडळीच्या बैठकीत कोणी हिशेब मागितला की “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका” ठरलेलं, म्हणजे देवानं नेमलेल्यांना प्रश्न विचारू नका. मी ते माझ्या कानांनी ऐकलंय, आणि विचारणारा बिचारा वहीत डोकं घालून खाली बसलेला पाहिलाय. १०५ वं स्तोत्र उघडा. तिथे अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. मूठभर, परके, देशोदेशी भटकणारे. त्यांच्यापायी देवानं राजांना दटावलं. ज्याच्या हातात सत्ता नाही त्याच्या रक्षणाचं वचन आपल्याकडे ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्याचं कुलूप झालं.

पण हे सगळं वाचनातलं. एवढ्यावर मी गप्प बसले असते. मी बोलू लागले ते माझ्या धाकट्या भावामुळे.

त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तो एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, हात कायम ग्रीसनं काळे, स्वभाव नट-बोल्टसारखा: जिथलं तिथे बसलं पाहिजे. भेटायला येणारे कमी नव्हते. त्यांतला एक गट दर आठवड्याला यायचा, हात ठेवून प्रार्थना करायचा आणि जाताना याकोबाच्या पत्रातलं वचन द्यायचा: “विश्वासाची प्रार्थना दुखणाइतास वाचवील.” औषध सोड, डायलिसिस बंद कर, असं त्यांनी कधीच म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. ते प्रेमानं यायचे, नारळपाणी आणायचे (त्याला ते पोटॅशियममुळे चालत नव्हतं, पण त्यांना काय माहीत), आणि एक वाक्य ठेवून जायचे. मग पुढच्या तपासणीत क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा, आकडा तसाच. पुन्हा ते यायचे, पुन्हा तेच वाक्य.

एका रात्री मी त्याच्याजवळ बसले होते. मला वाटलं झोपलाय. तो म्हणाला, “ताई, वाचवील असं स्पष्ट लिहिलंय. मग मी वाचत नाही म्हणजे विश्वासाचाच भाग खराब निघाला ना? माझ्यातला.”

तो रडत नव्हता. इंजिनमधला दोष सांगावा तसा सांगत होता. कितीतरी आठवडे तो आपल्या मनात हा दोष शोधत पडला होता, हे मला तेव्हा कळलं. किडनी गेल्याचं दुःख होतंच, त्यावर हे आणखी एक, आणि हे दुसरं त्याला देवाच्या घरून आलं होतं.

मी बायबल काढलं. त्याला याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय तेराव्या वचनापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. चौदावं वचन आलं: कोणी दुखणाईत असला तर त्यानं मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांना, बोलवावं, आणि त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी. त्यानं मला थांबवलं. “परत वाच.” मी परत वाचलं. “म्हणजे प्रार्थना कोणी करायची?” “वडिलांनी.” “मग विश्वासाची प्रार्थना ती त्यांची. माझं काम फक्त बोलावणं.” तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “आणि बोलावलं तर मी होतं.”

पुढच्या वेळी तो गट आला तेव्हा त्यानं अगदी शांतपणे विचारलं, “काका, या वचनात विश्वासाचा भार आजाऱ्यावर आहे की प्रार्थना करणाऱ्यांवर?” सगळे एकमेकांकडे बघू लागले. त्यांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी बायबल उघडलं, वाचलं, मिटलं. “तसं नाही रे बाळा,” म्हणाले. आणि मग दुसरं वचन दिलं: “त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले.” यशया ५३. पापाचा भार वाहणाऱ्या सेवकाचा अख्खा अध्याय, आणि त्यातून निघालं काय, तर प्रिस्क्रिप्शन. माझ्या भावानं मान डोलावली. त्यानंतर त्यानं त्यांना काही विचारलं नाही.

मी मात्र शोधत राहिले. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, निरोपानिरोपीच्या ओळींमध्ये, पौल सांगून जातो की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेत नगरात ठेवलं. बस, एवढंच. ज्या पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन माणसं बरी झाली असं प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय, तो पौल आपल्या सोबत्याला आजारीच ठेवून पुढे निघाला, आणि त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं एका अक्षरानंही म्हणाला नाही. भावाला हे वाचून दाखवलं तेव्हा त्यानं पहिला प्रश्न केला, “पुढं त्याचं काय झालं?” मी म्हटलं, लिहिलेलं नाही. त्याला ते फार आवडलं. मग फोनवर कोणी तब्येत विचारली की म्हणायचा, “मिलेतात आहे.” समोरच्याला काही कळायचं नाही.

तो गेला त्या दिवशी, घर भरलेलं असताना, कोणीतरी आईचे हात धरून म्हटलं, “सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात.” आई कधी कोणाला उलटून बोलत नाही. तिनं विचारलं, “कोणाच्या?” उत्तर मिळालं नाही. मिळालं असतं तर ते पुढच्याच वचनात होतं: ते कल्याण म्हणजे ख्रिस्तासारखं घडवलं जाणं. नोकरी, प्रकृती, घरदार यांचा तिथे उल्लेख नाही. रोमकरांस पत्राच्या त्याच आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते आहे, आपण कण्हतो आहोत, काय मागावं तेही आपल्याला कळत नाही, म्हणून आत्मा आपल्या वतीनं कण्हतो आहे. अख्ख्या अध्यायभर कण्हणं आहे. आणि कण्हणाऱ्या बाईला आपण त्यातली तेवढीच ओळ दिली, जी ऐकून तिनं कण्हणं थांबवावं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तेव्हापासून मी न मागता वचन देत नाही.

आता माझ्याच विरुद्ध बोलते, कारण हा भाग मी आजवर कोणाला सांगितला नाही. भाऊ जाण्याच्या आधी मी फार कडक झाले होते. अध्याय वाचल्याशिवाय वचन उच्चारू नये, असं माझं मत होतं. अध्याय पाडले तेराव्या शतकात, नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे दिले एका छापखानेवाल्यानं १५५१ मध्ये. तेव्हा आकड्यांवर श्रद्धा ठेवायची नाही, असं मी तावातावानं सांगायची. यात चूक काही नाही. पण आमची आजी निरक्षर होती. तिला अध्याय माहीत नव्हता, पत्र माहीत नव्हतं, बाबेल कुठे आहे हे माहीत नव्हतं. तिच्याकडे देवळात ऐकून पाठ झालेली काही वाक्यं होती. त्यांच्यावर तिनं वैधव्य काढलं, दुष्काळ काढला. तिला मी म्हणणार होते का, आजी, याचा संदर्भ वेगळा आहे?

आणि भाऊसुद्धा. शेवटच्या दिवसांत अध्याय ऐकण्याची ताकद त्याच्यात राहिली नव्हती. छप्पन्नाव्या स्तोत्रातली भीतीची ओळ त्याला हवी असायची, भीती वाटेल तेव्हा तुझ्यावर भरवसा ठेवीन ती. तेवढीच. पुन्हा. पुन्हा. त्या स्तोत्रावर मथळा आहे, दावीद गथ इथे पलिष्ट्यांच्या हाती सापडला तेव्हाचं हे. मी मथळा वाचला नाही. ओळ म्हणत राहिले. मग मी त्या गटापेक्षा वेगळं काय केलं? मी स्वतःला सांगते, की त्यानं ती मागितली होती, ती भीती त्याच्या तोंडची होती, आणि त्या ओळीत त्याच्याकडून कसली वसुली नव्हती. हे उत्तर मला दिवसा पटतं.

शास्त्र स्वतःही मला साथ देत नाही. होशेय संदेष्ट्याच्या पुस्तकात ११:१ मध्ये मिसरातून बोलावलेला पुत्र म्हणजे इस्राएल लोक. तिथे मागे वळून निर्गमाची, म्हणजे मिसरातल्या सुटकेची, आठवण आहे. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय तेच वाक्य बाळ येशूला लावतो. माझ्या नियमानं मत्तयाला मी थांबवायला हवं. दुसरीकडे, अरण्यात येशूला मोहात पाडताना सैतान ९१ व्या स्तोत्रातलं वचन शब्दांत फार फरक न करता म्हणतो, आणि येशू त्याला “असाही शास्त्रलेख आहे” म्हणून अनुवाद नावाच्या पुस्तकातलं दुसरं वचन समोर ठेवतो. तो सैतानाला स्तोत्राचा संदर्भ समजावत बसत नाही. मग खरं-खोटं ठरतं कशावर? वाक्याच्या शेजारच्या वाक्यांवर, की ते कोण कोणाला कशासाठी सांगतोय यावर?

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र मला सगळ्यांत जास्त छळतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. मग बोलू लागले, आणि बोलले तेही बरंचसं आपण पाठ करतो तसलंच. तुझा आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल, हे त्यांतल्या बिल्ददाचं वाक्य आपण दुकानाच्या उद्घाटनाला लावतो. ते त्यानं कोणाला ऐकवलं? ज्याची दहाही मुलं मेली होती त्या बापाला, आणि त्याच दमात त्यांनी पाप केलं असेल हेही सांगून. शेवटी परमेश्वर म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. इतकं स्पष्ट. पण करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरणारा देव, हे वाक्य पौल शास्त्रलेख म्हणून देतो, आणि ते वाक्य आहे त्याच मित्रांतल्या अलीफजाचं, ज्याच्यावर देवाचा राग भडकला त्याच अलीफजाचं. ईयोबाच्या उशाशी जे खोटं ठरलं ते करिंथमध्ये खरं कसं ठरलं? आमच्या पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनी दिलेलं उत्तर मला अर्धंच पटलं. तुमच्यापैकी कोणाकडे उरलेलं अर्धं असेल तर घरी या, आपण ईयोब पहिल्या अध्यायापासून वाचायला घेऊ. पण आई शेजारच्या खोलीत असते, आणि ती अजून “कोणाच्या?” असं विचारते, हे येताना लक्षात असू द्या.