महाराज देवापाशी शब्द टाकतात का?

ऋषीपंचमी, रात्र

आज गजानन महाराजांची पुण्यतिथी. १९१० साली याच भाद्रपद शुद्ध पंचमीला, ८ सप्टेंबरला, शेगावात त्यांनी देह ठेवला. आमच्या मंदिरातलं पारायण दुपारी संपलं. मागच्या अंगणात बाया भांडी घासत होत्या आणि मोठी आई एकदम म्हणाली, "काय वं, महाराज खरंच आयकते का आपलं? देवापाशी शब्द टाकत असतीन ना?"

तिच्या नातवाचं दुखणं सगळ्या गावाला माहीत आहे. अमरावतीच्या तपासण्या चालू आहेत. तिनं शेगावचा नवस केला आणि पुढचाच रिपोर्ट बिघडून आला.

शेजारच्या काकू महानुभाव पंथाच्या. आमचा प्रसाद घेत नाहीत, पण भांड्यांना हात लावायला आधी त्याच येतात. त्या म्हणाल्या, "गेलेल्या मानसापाशी कायले मांगता? परमेश्वरापाशी सरळ मांगा नं." बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांचं सगळं जगणंच त्या एका निष्ठेवर उभं आहे. पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी उत्तरापंथे गेले, म्हणजे देह न ठेवता उत्तरेकडे निघून गेले, अशी त्यांची श्रद्धा, म्हणून स्वामींची समाधी कुठेच नाही. तरी रिद्धपूरला गेल्या की स्वामींचे पाय लागलेल्या स्थानावर त्या डोकं टेकवतात, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले आहेत.

मला मात्र संध्याकाळपासून माधानच्या गुलाबराव महाराजांची आठवण येते आहे. चांदूर बाजार तालुक्यातलं ते गाव. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. १९०१ साली ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला मांडीवर घेऊन मंत्र दिला, असं ते सांगत. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली १२९६ मध्ये. सहाशे वर्षांपूर्वीचा बाप या आंधळ्या पोराला सापडला, आणि पुढे ते जन्मभर स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी म्हणवत राहिले. १९१५ साली, पस्तिशीच्या आत गेले. मागे शंभराहून जास्त ग्रंथ ठेवून. त्यांनी माउलींपाशी डोळे मागितल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. मला हे फार मोठं वाटतं.

नाथांची गोष्ट तर उलटीच आहे. आळंदीला समाधीजवळच्या अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागली आहे, येऊन काढ, असं माउलींनी एकनाथांना स्वप्नात सांगितलं म्हणतात. म्हणजे इथे गेलेल्या संतानंच जिवंत माणसाला हाक मारली! लहानपणी ही गोष्ट ऐकून मला माउलींची काळजी वाटायची. आता वाटतं, आपल्या लोकांनी संतांना दूर कुठे वरच्या दरबारात बसवलंच नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखं जवळ ठेवलं, ज्याला आपलं सांगावं आणि ज्याचंही ऐकावं.

म्हणून मी मोठ्या आईला म्हटलं, हो, आयकतात. मनापासून म्हटलं.

पण दुसऱ्या प्रश्नाला लगेच "हो" म्हणवलं नाही. आमच्याच गावात ज्या घरातला कर्ता पुरुष फवारणीचं औषध पिऊन गेला, त्या घरातही भिंतीवर महाराजांचा फोटो होता. ती बाईही दर गुरुवारी उपास धरत होती. महाराजांनी मोठ्या आईसाठी शब्द टाकला आणि तिच्यासाठी टाकला नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? तलाठ्याकडे ओळख असली की काम होतं, नसली की फेऱ्या माराव्या लागतात. देवाच्या घरीही तसंच असेल तर त्या विधवेनं कुठे जावं? गाडगेबाबा कीर्तनातून नवसाच्या बोकडावर तुटून पडायचे, कर्ज काढून देवाचं करू नका म्हणायचे. संतांना ते कमी मानत होते असं कोण म्हणेल? संतांच्या नावानं चाललेला सौदा त्यांना सोसत नव्हता.

आणि माउलींनी मागायचं ते मागून ठेवलेलंच आहे. ज्ञानेश्वरी पुरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. शेवटी पसायदान मागताना त्यांनी एकाही भक्ताचं नाव घेतलं नाही. दुष्टांचंही भलं मागितलं. जो जे वांछील तो ते लाहो, असं म्हणताना नवस कोणी केला आणि कोणी नाही, हे पाहिलं नाही. संत आपल्यासाठी देवापाशी बोलतात याचा याहून मोठा पुरावा मला नको. त्या मागण्यात मोठी आई आहे, ती विधवा आहे, महाराजांपाशी काहीच न मागणाऱ्या काकूही आहेत.

मग रिपोर्ट का बिघडला, हे मात्र यातून सुटत नाही. मोठी आई पुन्हा विचारेल तेव्हा तसंच सांगीन. नवस फेडायला तिनं सोयाबीन निघायच्या आधीच पैसे उचलायचं मनात घेतलं आहे, ते होऊ देणार नाही. ते पैसे औषधाला लागतील. गुरुवारी शेगावला तिच्यासोबत मी जाईन, तिथे तिला पोटभर बोलू दे. पण सोमवारची अमरावतीची तारीख चुकवायची नाही. काकूंनी त्या दिवशी घरी थांबून धाकट्या पोराला सांभाळायचं कबूल केलं आहे.