एकादशीचा घाम
आज एकादशी. मधुमेह असलेल्या घरांत हमखास घडतं ते असं: सकाळी ग्लिमेपिराइडची (रक्तातली साखर उतरवणारी) गोळी, दुपारपर्यंत नुसता चहा, मग ताटभर साबुदाण्याची खिचडी. साखर आधी घसरते, मग उसळते. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. खिचडी अर्धी वाटीच घ्या, सोबत दही, काकडी. गोळीचं मात्र उपवासाआधीच डॉक्टरांना विचारा.

हात थरथरले, दरदरून घाम फुटला की लगेच बोटातून साखर तपासा. ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीत असेल तर चहाचे ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पण साखर ठीक असूनही घाम, धाप थांबत नसेल तर 'उपवासाचं पित्त' म्हणून झोपवू नका हो. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. १०८ ला फोन, तडक ईसीजी.