पांढरी साळुंकी

आज पहाटेच नाशिकहून चापडगाव गाठलं. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर (2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं तेच) बदकं बघायची होती, पण अडकलो बांधावरच. नांगरलेल्या शेतात दहा-बारा साळुंक्या किडे टिपत होत्या आणि त्यात एक दुधासारखी पांढरी!

दुर्बीण लावली. चोच पिवळी, पाय पिवळे, डोळ्यामागची कातडीही पिवळीच. डोळा तपकिरी, गुलाबी नाही. म्हणजे अल्बिनो नव्हे, ल्युसिस्टिक. मेलॅनिन, म्हणजे काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य, पिसांत उतरत नाही म्हणून पिसं पांढरी. पिवळा रंग कॅरोटिनॉइड या वेगळ्या रंगद्रव्याचा, तो शाबूत राहतो.

पाणी भरणारे काका म्हणाले, "पाऊस उघडल्यापासून बघतोय तिला. बाकीच्या काही करत नाहीत हो."

तेवढ्यात शिक्रा आला. सगळ्या बाभळीत घुसल्या. बाकीच्या क्षणात दिसेनाशा झाल्या, ही मात्र काट्यांतून लख्ख दिसत राहिली. जीव नुसता खालीवर होत होता माझा! शिक्रा दोन घिरट्या घालून नदीकडे गेला, तेव्हा कुठे श्वास सोडला.

बदकं राहिलीच. फोटो टाकतोय, पण शेत नेमकं कुठलं ते कृपा करून विचारू नका.