खिळ्याला टांगलेलं गार्ड

दसरा झाला की आमच्या शेडसमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत प्रत्येकाला आपली ट्रॉली हवी असते आणि प्रत्येकाचं काम ‘जरासंच’ असतं. परवाच्या ट्रॉलीचं ‘जरासं’ म्हणजे एक्सलच्या ब्रॅकेटला गेलेली चीर. तिच्यावर कुणीतरी वेल्डिंगचा थर मारलेला, तो फुटल्यावर त्यावर दुसरा, मग तिसरा. भजी चिकटवल्यागत दिसत होतं. हे सगळं काढून मूळ प्लेटपर्यंत जायचं म्हणजे सात इंची व्हीलचा, घासायच्या चकतीचा, ग्राइंडर आलाच.

नव्या पोरानं मशीन उचललं आणि माझी नजर आधी गार्डकडे, म्हणजे व्हीलवरच्या पत्र्याच्या आडोशाकडे गेली. गार्ड नव्हतं. खांबाच्या खिळ्याला टांगलेलं होतं.

“कोपऱ्यात शिरत नाही, मालक.”

हेच वाक्य मी 2009 साली आप्पांना ऐकवलं होतं. माझ्या हातात तेव्हा चार इंची होतं, त्याला पातळ कटिंग व्हील. काप संपला, वेल्डिंगचा एक उंचवटा तेवढा राहिला. व्हील बदलायचा कंटाळा केला आणि त्याच व्हीलची बाजू टेकवून घासायला लागलो. कटिंग व्हील कापतं ते कडेनं. आडवा भार त्याला सोसत नाही. लवंगी फुटावी तसा आवाज झाला. दुखलं काहीच नाही. आधी मांडीवर पॅंट फाटलेली दिसली, मग आत काहीतरी पांढरं, मग रक्त. सात टाके पडले. आप्पा दवाखान्यात चकार शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेडमधल्या सगळ्या ग्राइंडरना गार्ड बसवले आणि वर वेल्डिंगचा टाका मारून टाकला. त्यामुळे गार्ड फिरवताही येईना. आठवड्यानं ते वेल्डिंगचे टाके मीच गुपचूप तोडले, पण गार्ड काढले नाहीत.

पोराला मी ही मांडी दाखवली नाही, व्हील दाखवलं. त्याच्यावर कमाल फेरे छापलेले असतात. सात इंची व्हीलचे साधारण 8,500. चार इंची मशीन मात्र मिनिटाला 11,000 च्या आसपास फिरतं. तरी गार्ड काढून, भोक जुळत नाही म्हणून वॉशर घालून, चार इंचीवर सात इंचीचं व्हील चढवणारे बहाद्दर मी पाहिलेत. हिशोब सोपा आहे. व्हील बनवलंय कडेच्या 80 मीटर वेगासाठी, सेकंदाला. असं चढवलं की तो 100 च्या पुढे जातो. लाकूड कापायचं दातेरी पातं लावणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. आणि भोकाभोवतीच्या पत्र्याच्या कड्यावर महिना-वर्ष असेल तर तेही वाचावं. ती बहुतेक वेळा मुदत संपल्याची तारीख असते.

मग कामाला लागलो. वरचे मोठे गठ्ठे गॅस कटरनं उडवले. किलोभर लोखंड ग्राइंडरनं झिजवत बसण्यात काही शहाणपण नाही. त्याआधी गॅसच्या नळ्या आणि तेलाच्या चिंध्या ठिणग्यांच्या वाटेतून हलवल्या. सहा मिलीचं ग्राइंडिंग व्हील, बाजूची मूठ घट्ट, गार्ड माझ्या अंगाच्या बाजूला. नवं व्हील लावलं की मी मिनिटभर मोकळं फिरवतो, व्हीलच्या रेषेत उभं न राहता. चष्मा आणि त्यावर फेसशील्ड, कारण नुसत्या चष्म्याच्या खालून कण शिरतो. रुमालाच्या टोकानं डोळ्यातलं लोखंड काढणारे उस्ताद आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो.

पोरानं सुरुवातीलाच मशीन दाबलं. आवाज बसला, प्लेट निळी पडली. म्हटलं, “दाबू नको, नुसतं धर. वजन त्याचं त्याला पुरेसं आहे.” व्हील वीस-तीस अंशांत तिरकं ठेवून पुढं-मागं न्यायचं, एका जागी थांबायचं नाही. आवाज चढा राहिला की समजावं माल निघतोय. दहा मिनिटांनी हात मुंग्या आल्यासारखे होतात, तेव्हा मशीन खाली ठेवायचं. खाली ठेवतानाही व्हील पूर्ण थांबल्यावरच.

कोपरा? कोपऱ्यात सात इंची शिरत नाही हे पोराचं खरंच होतं. तिथं गार्डसकट चार इंची शिरतं. तेवढंच होतं ते.

थर निघत गेले तशी चमकत्या लोखंडात केसाएवढी काळी रेघ दिसायला लागली. तीच चीर. ती नाहीशी होईपर्यंत घासायचं, नाहीतर वरून कितीही वेल्डिंग करा, पुन्हा तिथंच फुटणार. आधीच्या तिघांनी तेवढंच केलं नव्हतं.

रात्री साडेनऊला ड्रायव्हर डोकावला. “झालं का हो?”

रेघ अजून बोटभर बाकी होती. पोरानं फेसशील्डची काच खाली ओढली आणि मशीन पुन्हा चालू केलं.