आपलेच गेलेत की सगळ्यांचे?

रविवारी जेवण झाल्यावर गाणं ऐकत जरा आडवं व्हावं म्हणून ॲम्प लावला, तर खटका दाबताच आतून 'टिक्' झालं आणि लाल दिवा गेला. मी काय करावं? गॅलरीत जाऊन समोरच्यांचा पंखा फिरतोय का ते पाहिलं. आमचा डोक्यावर गरगरत असताना.

सवय सदाशिव पेठेतल्या वाड्यातली. लाइट गेले की कठड्यावरून पहिली चौकशी, "आपलेच गेलेत की सगळ्यांचे?" सगळ्यांचे असले तर आनंदच, अंगणात गप्पांचा फड. आपलेच असले तर बाबा स्टुलावर, मेनस्विचसमोर. टॉर्च माझ्याकडे. "नीट धर. माझ्या तोंडावर काय मारतोस!" चिनीमातीची ग्रिप खेचायची, जळकी तार सोडवायची, पुठ्ठ्यावर गुंडाळलेली नवी ओढून बसवायची. ती संपली असेल तर वायरीतला तांब्याचा केस, तोही मोजून एक. शेजारचे चार-पाच केस पिळून घालत आणि "आमच्याकडे फ्यूज जातच नाही" असं वर सांगत. बाबा कपाळाला हात लावत.

ॲम्प बाबांनीच जुळवलेला. त्यातला फ्यूज काचेचा, २० मिलिमीटर लांब. खिडकीशी धरून पाहिला. नुसती तार तुटलेली असती तर वय झालं म्हणून सोडून दिलं असतं. पण काच आतून काळी-चंदेरी झालेली. म्हणजे सणसणीत शॉर्ट. हे कळत असूनही सोमवारी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली.

"स्लो ब्लो का फास्ट?" मान वर न करता प्रश्न.

फ्यूजच्या धातूच्या टोपीवर 'टी' होतं, म्हणजे स्लो. चालू होताना ट्रान्सफॉर्मर आणि मोठे कपॅसिटर क्षणभर भरमसाट करंट ओढतात, तेवढा दम धरणारा. "दोन अँपियर, स्लो. पाच द्या."

आता मान वर झाली. "पाच उडवायचेत का? आधी सिरीजमध्ये बल्ब लावा."

फ्यूज मात्र पाचही दिले.

माळ्यावर १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब निघाला. ॲम्पकडे जाणाऱ्या वायरीच्या वाटेत जोडला, म्हणजे आत शॉर्ट असला तरी करंट बल्ब अडवतो. ॲम्प धड असेल तर तो एकदा लखकन पेटून मंद होतो. आमचा पेटला तो पेटलाच. प्लग काढला, कपॅसिटरमधला चार्ज उतरल्याचं मीटरवर पाहिलं आणि उजव्या चॅनलचा सप्लाय सोडवून प्लग पुन्हा लावला. बल्ब शहाण्यासारखा मंद झाला. पुढे २एन३०५५ ट्रान्झिस्टरची जोडी, दोन्ही आरपार, म्हणजे आतून शॉर्ट.

कारण सापडायला रात्र झाली. दिवाळीच्या साफसफाईत उजवा स्पीकर सरकवला होता, म्हणजे मीच सरकवला होता. वायरीतला तांब्याचा एक केस निसटून शेजारच्या टर्मिनलला टेकला होता. एकच.

ट्रान्झिस्टरचे स्क्रू सोडवायला दोन्ही हात लागतात. मोबाइलचा टॉर्च लावून तो पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. सारखा घसरून उजेड माझ्या तोंडावर मारत होता. त्याला काही बोलताही येईना.