न्यू ऑर्लिन्सहून एका दिवसात उसाचा मळा आणि दलदल: कॉम्बो तिकीट घेऊ नका

फ्रेंच क्वार्टरमध्ये 'प्लँटेशन + स्वॅम्प' असं जोडतिकीट जागोजागी विकतात. दोन्ही गोष्टी एका दिवसात आरामात होतात आणि एकाच दिवशी कराव्यातही, पण त्या तिकिटावर नको.

नकाशा बघा म्हणजे कळेल. बऱ्याच कॉम्बोंची बोट शहराच्या दक्षिणेला, मारेरो-लफीटच्या बाजूला सुटते, आणि मळे पश्चिमेला तासाभरावर आहेत. आठ तासांतले तीन-साडेतीन तास बसमध्येच जातात, कारण हॉटेलं फिरत माणसं गोळा करणंही त्यातच येतं. मळ्यावर जेमतेम दीड तास मिळतो, त्यातली शेवटची पंधरा मिनिटं दुकानात. पत्रकावर मोठ्या अक्षरात नुसतं 'प्लँटेशन' असतं, कोणतं ते खाली बारीक अक्षरात. पिकअपचे पैसे वेगळे, एअरबोटचे (मागच्या मोठ्या पंख्यावर पळणारी बोट) वेगळे, कॅप्टनची टिप वेगळी. पैसे देण्याआधी दोनच प्रश्न विचारा: मळा कोणता, आणि सगळं धरून आकडा किती? सरळ उत्तर आलं नाही तर पुढे चला.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी घ्या. सकाळी सव्वाआठला निघा. आय-१० ने पश्चिमेला, एक्झिट १९४, मग एलए-६४१ ने दक्षिणेला, मिसिसिपीवरचा वेटरन्स मेमोरियल पूल ओलांडून एलए-१८. पेट्रोल आणि पाणी पुलाच्या अलीकडेच भरून घ्या. हाच 'रिव्हर रोड', पण नावाला भुलू नका. नदी उंच बांधाआड आहे, दिसत नाही. दिसतात ते ऊस आणि मधूनमधून रसायनांचे कारखाने.

मळा व्हिटनीच. ओक अ‍ॅली या दुसऱ्या मळ्याला २८ ओक वृक्षांची कमान आहे, फोटो देखणे येतात. पण ऊस कोणी तोडला आणि साखर कोणी शिजवली हे पाहायचं असेल तर व्हिटनीला पर्याय नाही. १७५२ साली जर्मन वंशाच्या हायडेल कुटुंबाने हा मळा उभा केला, आधी निळीसाठी, नंतर उसासाठी. २०१४ च्या डिसेंबरपासून तो संग्रहालय म्हणून उघडा आहे आणि सगळी मांडणी गुलामांच्या बाजूने आहे. मंगळवारी बंद असतो. अडीच तास ठेवा. सगळं उघड्यावर आहे, सावली कमी, म्हणून हा भाग सकाळीच उरका. छत्री, टोपी, माणशी दीड लिटर पाणी. पायात बूट घाला, चप्पल नको.

नावांच्या भिंतींपाशी थांबा. लुईझियानातल्या गुलामीच्या नोंदींतून निघालेली १,०७,००० नावं तिथे दगडावर कोरली आहेत, पुष्कळांना आडनावच नाही. एका वेगळ्या स्मारकावर याच पॅरिशमध्ये, म्हणजे जिल्ह्यात, मेलेल्या सुमारे २,२०० गुलाम मुलांची नोंद आहे. १८११ च्या जानेवारीत चार्ल्स डेलॉन्डच्या पुढाकाराने गुलामांनी उठाव केला, आजच्या लाप्लास गावातल्या एका मळ्यावरून. मारलेल्यांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली होती, आणि इथलं शिल्पही तेच दाखवतं. लहान मुलं बरोबर असतील तर ते पाहायचं की नाही, आधी ठरवा. सगळ्या इमारती मूळच्या इथल्या नाहीत: चर्च नदीपलीकडच्या काठावरच्या पॉलिना गावातून आणलेलं आहे.

मराठी माणसाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो लोखंडी काहिलींना. गुऱ्हाळ पाहिलेल्याला सांगावं लागत नाही, पण इथे एक नव्हे, लहान होत जाणाऱ्या काहिलींची रांग एकाच चुलवणावर असायची. मोठीतला रस मळी काढत पळीने पुढच्या काहिलीत, तिथून त्यापुढच्या, शेवटी पाक सर्वांत लहान काहिलीत, जाळाच्या तोंडाशी. उकळता रस हातांनी उपसायचा, तोही हंगामात रात्रंदिवस. काहिलीच्या काठाशी उभं राहून पळीचा पल्ला नजरेने मोजा, भाजण्याच्या जखमा कुठे होत असतील ते कळतं. ही रांग मोडीत काढली नॉर्बर्ट रिलिअने, न्यू ऑर्लिन्सचा स्वतंत्र कृष्णवर्णीय इंजिनिअर. त्याचं १८४३ चं पेटंट म्हणजे निर्वात भांड्यांची मालिका: एका भांड्याची वाफ पुढच्या भांड्यातला रस कमी तापमानाला उकळते. कोल्हापूर-प्रवरानगरच्या कारखान्यांतला इव्हॅपोरेटर आजही याच तत्त्वावर चालतो.

सव्वाबाराला निघा. जेवण लाप्लासला, साधारण अर्ध्या तासावर. शाकाहारींनी डबा न्यावाच. रेड बीन्समध्ये (इथला राजमा) बहुधा डुकराचं सॉसेज शिजवलेलं असतं आणि गंबो या दाट रश्श्यातही तेच. 'मीट काढून द्या' म्हणून भागत नाही, रस्सा त्याचाच असतो.

बोट लाप्लासजवळच्या फ्रेनिए-मोरपा दलदलीतली घ्या, कारण ती परतीच्या वाटेवरच आहे. दुपारी दोनची, दीड ते दोन तासांची, सपाट तळाची, छत असलेली. एअरबोट नको. मागचा पंखा विमानाचा वाटावा इतका ओरडतो, कानाला संरक्षण लावावं लागतं, चालू असताना गाइडचा शब्द ऐकू येत नाही आणि पक्षी आधीच उडालेले असतात. मगरींना मार्शमॅलो फेकणारी सहलही नको. माणूस दिसला की खाणं, हे मगरीला शिकवणं दोघांनाही महागात पडतं.

मगर हवी असेल तर मार्च ते ऑक्टोबर. थंडीत ती फारशी हलत नाही. जुलै-ऑगस्टला जाऊ नका: घाम, डास आणि दुपारचं वादळ. विजा चमकल्या की बोट थांबते, तेव्हा तारीख बदलून मिळते का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. सर्वांत चांगला ऑक्टोबर. हवा सुसह्य, मगरी उन्हात पहुडलेल्या, आणि उसाचा गाळप हंगाम सुरू. डीईईटी असलेलं डासांचं औषध मात्र तेव्हाही लावा.

पाण्यातून गुडघ्याएवढे लाकडी सुळके वर आलेले दिसतील, ती बाल्ड सायप्रस या झाडाची मुळं. फांद्यांवर लोंबणारं राखाडी स्पॅनिश मॉस हे शेवाळ नव्हेच, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. जाडजूड बुंधे पाण्यातच छाटलेले दिसले की समजा, ही जुनी तोड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मोठी झाडं संपत आली होती. फ्रेनिए आणि रडॉक ही इथली गावं २९ सप्टेंबर १९१५ च्या चक्रीवादळात वाहून गेली.

दोन्ही जागा एकाच दिवशी पाहा म्हणतो ते जमिनीच्या वाटणीमुळे. फ्रेंच पद्धतीत मळा म्हणजे नदीपासून मागे जाणारी अरुंद पट्टी, बहुधा ४० अर्पाँ खोल, म्हणजे साधारण २.३ किलोमीटर. पुढे नदी आणि वाडा, मध्ये ऊस, मागे दलदल. दोन्ही काठांना हेच. पळालेला गुलाम मागच्याच बाजूने जायचा. सां मालो नावाचा पुढारी न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेकडच्या दलदलीत अशा लोकांच्या वस्त्या राखून होता, १७८४ मध्ये त्याला फाशी दिलं. सकाळी मळ्यावर हे ऐकलेलं असलं की बोटीतून झाडांमधल्या काळ्या पाण्याकडे पाहताना कुठे बघायचं ते कळतं. बोट आधी घेतली तर उरतात फक्त मगरी.

बोटीत मधल्या रांगेत, कडेला बसा. पुढे शिंतोडे उडतात आणि मागे इंजिनचा आवाज येतो.

परतताना आय-१० पाँचर्ट्रेन तळ्याच्या काठाने लांब पुलावर चढतो. तिथे अपघात झाला की बाहेर पडायला वाट नसते, तास सहज जातो. विमानतळ याच रस्त्यावर केनरला आहे म्हणून संध्याकाळच्या विमानाची वेळ याला जोडू नका.