बाणाच्या टोकाचं वजन बदललं आणि बाणांचा ग्रुप जुळला

दोन महिने डोकं खात होतं हे. माझं रिकर्व्ह धनुष्य (टोकं पुढे वळलेलं) ४० पाउंड ताणाचं, बाण कार्बनचे, ५०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे दांडा किती वाकतो याचं माप), टोक १०० ग्रेनचं, आणि पिसं नसलेला बाण १५ मीटरवरून दरवेळी पिसांच्या बाणाच्या डावीकडेच लागायचा. मी उजव्या हाताने मारतो, म्हणजे बाण कडक पडतोय, दांडा हवा तेवढा वाकत नाही, हे सरळ होतं, पण मी आपला रिलीजलाच, म्हणजे दोरी सोडण्यालाच, दोष देत बसलो.

मग नागपूरच्या काटोल रोडला मित्राच्या शेतात, संत्र्याच्या बागेमागे, ऊन चढायच्या आत सकाळी सहाला गेलो आणि आधी १२५, मग १५० ग्रेनची टोकं लावून पाहिली. टोक जड झालं की सोडताना बाणाचा दांडा जास्त वाकतो, म्हणजे तोच बाण नरम वागतो, हलकं केलं की उलट. १२५ ला फरक अर्धा झाला, १५० ला पिसांचा आणि बिनपिसांचा बाण शेजारी शेजारी घुसले, काय आनंद झाला राजेहो! २५ ग्रेन म्हणजे जेमतेम १.६ ग्रॅम, अन् त्याने एवढं होतं.

बाण आता थोडा खाली लागतो, हळू जातो ना, पण तोल पुढे आल्याने उडतो एकदम सरळ. बाहेरच्या देशात धनुष्याने शिकार करणारे तर आणखी जड टोक वापरतात, खोल घुसावं म्हणून. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ते बरोबरच आहे, माझं टार्गेट फोमचंच.

एक सांगतो, टोक बदलायच्या आधी दांडा कापू नका, कापलेला परत जोडता येत नाही.